माजघरातील गोष्टी : सोन्याचा वर्ख

दिवाळीला अजून महिना होता, तोच आमच्या माजघरात एका लाडवावरून दोन पक्ष पडले. तसे आमच्या घरी पक्ष पडावयास फारसे कारण लागत नाही. बारा माणसांच्या घरात चहात आले किती घालावे यावरही मतभेद होतात व ते सुखाने नांदतात. परंतु या खेपेस प्रकरण थोडे गंभीर होते, कारण त्यात परक्यांच्या डोळ्यांचा प्रश्न होता.

हकीकत अशी. आमच्या आळीतील महिला मंडळ गेली पंधरा-सोळा वर्षे दिवाळीचा फराळ करून विकते व खर्चवेच जाऊन उरलेली रक्कम तालुक्याच्या गावी भरणाऱ्या मोतीबिंदूच्या शिबिराला देते. चकल्या, अनारसे, चिवडा, बेसनाचे लाडू. गिऱ्हाईक ठरलेले, भाव बेताचा व नफाही बेताचाच. गेल्या वर्षी तूप व डाळ अशी महागली की हिशेब मिटवल्यावर हाती राहिलेला आकडा सांगावयास लाज वाटावी. शिबिराच्या डॉक्टरांनी चकार शब्द काढला नाही. पण यादीतील अकरा नावे पुढच्या खेपेवर ढकलावी लागली, हे आमच्या कानावर आलेच.

यंदा सूनबाई मंडळाची चिटणीस. तिने मनाशी योजना करूनच ठेवली होती. नेहमीचा लाडू नेहमीच्या भावाने विकावयाचा, पण त्याखेरीज एक खास लाडू करावयाचा. त्यात काश्मिरी केशर व मामरा बदाम, वरून अस्सल सोन्याचा वर्ख. असे दोन लाडू शिसवी डबीत बसवून डबीची किंमत एकवीसशे रुपये. अशा एक्कावन्न डब्या शहरातील सधन घरी खपवल्या की अकराच काय, एकवीस नावांची सोय होईल! "परदेशांत असेच करतात," असे सांगून तिने फोनवरची चित्रेही दाखविली.

सासूबाई जपाची माळ बाजूला ठेवून म्हणाल्या, "डोळे द्यावयाचे आहेत ना गं? मग लोकांचे डोळे दिपवून कशाला द्यावयाचे?"

झाले! धाकट्या जाऊबाई सासूबाईंच्या बाजूच्या, मुले सारी सूनबाईच्या बाजूची; आणि मी, सवयीप्रमाणे, दोहोंच्या मध्ये. दानास असा सोन्याचा मुलामा दिला तर बिघडते काय, याचा छडा लावण्याचे काम माझ्याकडे आले. या सदराचा यंदाचा मजकूर त्यातूनच निघाला आहे.

सूनबाईने दाखविलेल्या चित्रांत पहिले होते एका पिझ्झाचे. स्कॉटलंडातील ग्लासगो शहरी दोमेनिको क्रोला नावाचे एक इटालियन वंशाचे बल्लवाचार्य आहेत. त्यांनी २००७ साली बारा इंची व्यासाचा एक पिझ्झा सिद्ध केला. पिझ्झा म्हणजे मूळचा नेपल्सच्या गोरगरिबांचा पोटभरीचा पदार्थ. आपल्याकडे भाजीभाकरी तसा. क्रोला यांनी त्यावर कोन्याकमध्ये मुरवलेले शेवंड, शँपेनमध्ये भिजवलेली माशांची अंडी, हरणाचे मांस, धुरावलेला सामन मासा अशा एकाहून एक महाग जिनसा मांडल्या व वरून चोवीस कॅरटच्या सोन्याचे खाद्य कण पेरले. (सासूबाईंना मी फक्त शेवटचा जिन्नस वाचून दाखविला.) जेम्स बाँडच्या चित्रपटावरून त्याचे नाव ठेविले 'पिझ्झा रोयाल ००७' आणि इंटरनेटवरील बाजारात त्याचा लिलाव पुकारला. दोन हजार एकशे पन्नास पौंडांस तो गेला. ती रक्कम फ्रेड हॉलोज प्रतिष्ठान नावाच्या संस्थेस मिळाली.

दुसरे चित्र लंडनचे. २००८ सालच्या जून महिन्यात बर्गर किंग या कंपनीने आपल्या ग्लॉस्टर रोडवरील दुकानात पंचाण्णव पौंडांचा एक बर्गर विकावयास काढला. तो आठवड्यातून एकदाच मिळे आणि त्याचे उत्पन्न लंडनच्या गरजू मुलांसाठी काम करणाऱ्या 'हेल्प अ लंडन चाइल्ड' या धर्मादाय निधीला जाई. आता ही कंपनी म्हणजे घाईघाईत, थोड्या पैशांत, कागदात गुंडाळलेले खाणे देणारी. तिने पावाला इराणी केशर लावले, जमिनीखाली उगवणारी पांढरी अळंबी किसून घातली, कांद्याला शँपेनची संगत दिली आणि चवीला घातले हिमालयातील गुलाबी मीठ. हे वाचून जाऊबाई हसत सुटल्या. अहो, हे तर आपले सैंधव! एकादशीच्या दिवशी आमच्या घरी वरईच्या तांदळांत जे पडते तेच लंडनात पंचाण्णव पौंडांच्या ऐश्वर्यात गणले जाते. मोल कशाला येते व कोठे येते, याचा असा धडा एरवी अर्थशास्त्राच्या पोथीतही मिळावयाचा नाही.

तिसरे उदाहरण त्याहून अलीकडचे, २०२१ सालचे. नेदरलंड्समधील व्होर्टहाउझन या गावी एका खानावळीच्या मालकाने पाच हजार युरोंचा बर्गर केला. कोरोनाच्या साथीने माणसांची व धंद्यांची झालेली दैना पाहून आपण काही करावे असे त्याच्या मनात आले. मिळालेली रक्कम त्याने गरजूंना शिधा पुरविणाऱ्या अन्नपेढीस दिली. सोन्याचा पत्रा या पावावरही होताच. त्याखेरीज त्याच्या चटणीत घातलेली कॉफी उदमांजराच्या पोटातून बाहेर पडलेल्या बियांची होती. इंडोनेशियात अशी कॉफी करतात व ती जगातील महागांपैकी समजतात. वाचकहो, येथे माझी लेखणी क्षणभर अडली. अन्नपेढीवरील एखाद्या भुकेल्या म्हाताऱ्यास हा तपशील कोणी सांगितला असता, तर त्याने ते घेणाऱ्याविषयी आधी हळहळ व्यक्त केली असती.

हे सारे आमचे भाऊजी कोपऱ्यात बसून ऐकत होते. ते हिशेबतपासनीस, रामरक्षा म्हणतानाही श्लोक मोजतील असा त्यांचा स्वभाव. ते म्हणाले, "वहिनी, या सगळ्यात सोने किती?" मग त्यांनी कागद ओढला. सोन्याचा वर्ख ठोकून ठोकून इतका पातळ करतात की त्याची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी राहते. असा चौरस मीटरभर वर्ख पसरला तर त्याचे वजन दोन ग्रॅमही भरत नाही. बारा इंची पिझ्झाचे सारे अंग झाकावयाचे म्हटले तरी सोने लागेल एका गुंजेहून किंचित अधिक! लहानशा लाडवास तर गुंजेचा बारावा हिस्सा पुरे. ते सोने जिभेला लागत नाही, पोटात विरघळत नाही आणि रक्तात मिसळत नाही. जसे आत जाते तसेच बाहेर पडते. "म्हणजे," भाऊजी म्हणाले, "ज्या जिनसेचे वर्तमानपत्रात नाव छापून येते, तीच यात सर्वांत स्वस्त, आणि अंगाला काडीचीही न लागणारी. गिऱ्हाईक पैसे देतो ते सोन्याचे नव्हेत, बातमीचे."

मग त्यांनी सूनबाईच्या डबीचाही हिशेब मांडला. शिसवी डबी, केशर, बदाम, वर्ख, रेशमी अस्तर, छपाई. एकवीसशे रुपयांतून शिबिराच्या पदरी पडणार साडेसातशे. सूनबाईचा चेहरा उतरला. मला वाईट वाटले. कारण साडेसातशे का होईनात, ते नेहमीच्या लाडवांतून येत नव्हते. एक्कावन्न डब्यांचे अडतीस हजारांवर होतात. ते कोणी नाकारावे, आणि कोणत्या तोंडाने? रांगेत बसलेल्या अकरा माणसांना आपली अभिरुची सांगून काय उपयोग?

सासूबाईंचा आक्षेप मात्र निराळाच निघाला. वर्ख ठोकतात कशात, हे त्यांना विचारावयाचे होते. पूर्वी तो जनावरांच्या आतड्यांच्या पापुद्र्यांत वा कातड्याच्या घड्यांत ठेवून ठोकीत, ही गोष्ट त्यांना ठाऊक होती. आणि या कारणाने आमच्या घरी काजूकतली येते तीही बिनवर्खाची. चांदीच्या वर्खाबाबत भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ साली नियम केला आणि जनावरांपासून मिळणारी कोणतीही वस्तू त्याच्या कृतीत वापरण्यास मनाई केली. हे मी त्यांना सांगितले. त्यावर त्या म्हणाल्या, "नियम झाला, बरे झाले. पण चव वाढली का?"

या ठिकाणी मुलांनी हैदराबादच्या लाडवाची साक्ष काढली व ती साक्ष मोठी मासलेवाईक होती. हैदराबादेला लागून बालापूर नावाचे गाव आहे. तेथील गणपतीच्या हाती एकवीस किलोंचा लाडू ठेवतात व विसर्जनाच्या दिवशी त्याचा लिलाव होतो. १९९४ साली पहिल्यांदा तो पुकारला तेव्हा बोली गेली चारशे पन्नास रुपये. एका शेतकऱ्याने तो घेतला, प्रसाद वाटला, शेतातही शिंपडला. त्या वर्षी पीक चांगले आले अशी श्रद्धा पसरली, आणि पुढच्या वर्षी त्याच लाडवाचे झाले साडेचार हजार. २०२४ साली तीस लाख एक हजार. २०२५ साली पस्तीस लाख. त्याच हैदराबादेतील बंडलागुडा येथील एका वसाहतीच्या लाडवाने तर २०२५ साली सव्वादोन कोटींचा टप्पा ओलांडला व ती रक्कम तेथील धर्मादाय न्यासाकडे गेली. बालापूरचा पैसा गावाच्या कामी लागतो. हा लाडू काही शँपेनमध्ये भिजवलेला नाही की त्यात उदमांजराने हात घातलेला नाही. लाडू लाडवासारखाच, किंमत मात्र आकाशाला भिडलेली.

"तो पदार्थ नव्हे, तो प्रसाद आहे," जाऊबाई म्हणाल्या. खरेच आहे. पण चढाओढही आहे, आणि नावाची हौसही आहे; चारचौघांत बोली लावणाऱ्याचे मन मला वाचता येत नाही. एवढे मात्र दिसते की पैसा निघावा यासाठी वस्तूत महाग काही घालण्याची गरज नसते. ग्लासगोचे शेवंड व लंडनची अळंबी यांच्यावर जे खर्ची पडले ते बालापुरास वाचले.

वाद येथेच थांबला असता. पण त्या पिझ्झाचे पैसे शेवटी गेले कोठे, हे मला पाहावेसे वाटले आणि तेथे मला जे सापडले त्याने माझे मत हलले.

फ्रेड हॉलोज हे न्यूझीलंडमध्ये १९२९ साली जन्मलेले नेत्रवैद्य. त्यांचे आयुष्य ऑस्ट्रेलियात गेले. १९९२ साली त्यांच्या नावाचे प्रतिष्ठान निघाले तेही त्यांच्या घरच्या जेवणाच्या मेजाभोवती बसून. ते स्वतः तेव्हा कर्करोगाने ग्रासलेले होते व पुढच्याच वर्षी वारले. त्यांना एक गोष्ट सहन होत नसे. मोतीबिंदू काढून डोळ्यात कृत्रिम भिंग बसवले की माणसास पुन्हा नीट दिसते. पण त्या काळी असल्या भिंगाची किंमत शंभर डॉलरांहून अधिक. त्यामुळे गरीब देशांतील रोग्याचा मोतीबिंदू काढला तरी त्याच्या कपाळी जाडजूड भिंगांचा चष्मा येई. तो फुटला की पुन्हा अंधार. हॉलोज यांचे म्हणणे असे की हे भिंग ज्याला लागते त्याच्याच देशात तयार झाले पाहिजे. त्यांच्या मृत्यूनंतर १९९४ साली नेपाळात काठमांडू येथे आणि आफ्रिकेतील एरिट्रियात अस्मारा येथे भिंगांचे कारखाने उघडले. काठमांडूच्या कामाचे धुरीण डॉ. सांदुक रुइत हे हॉलोज यांचे स्नेही. त्यांचे नेत्रवैद्यकाचे शिक्षण दिल्लीस झालेले. शंभर डॉलरांचे भिंग दहा डॉलरांच्याही खाली आले.

म्हणजे पाहा! क्रोला यांनी गरिबाचा पदार्थ घेऊन तो श्रीमंताखेरीज कोणास परवडू नये असा केला. त्याचे पैसे ज्यांना मिळाले त्यांनी नेमके उलटे केले होते. श्रीमंताखेरीज कोणास न परवडणारी वस्तू घेऊन ती गरिबाच्या डोळ्यांत नेऊन बसविली होती. या दोन कारागिऱ्यांत अवघड कोणती, हे मी सूनबाईस विचारले नाही. तिनेच मान हलविली.

आणि आपल्याच देशात, मदुराईस, याहून विलक्षण गोष्ट घडली होती. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी सरकारी नोकरीतून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. संधिवाताने त्यांची बोटे वाकडी झालेली. त्याच बोटांनी त्यांनी हजारो डोळ्यांवर शस्त्रक्रिया केलेल्या. १९७६ साली त्यांनी अकरा खाटांचे 'अरविंद' नेत्र रुग्णालय काढले. त्यांना प्रेरणा कशाची मिळाली म्हणाल? हॅम्बर्गरची! अमेरिकेत मॅक्डोनल्ड कंपनीची दुकाने पाहून ते थक्क झाले. कोठल्याही गावी जा, तोच पदार्थ, तीच कृती, तीच स्वच्छता आणि सामान्य माणसास परवडेल असा भाव. खाण्याच्या पदार्थास हे साधते तर दृष्टी देण्याच्या कामास का साधू नये, असे ते विचारीत. त्यांनी शस्त्रक्रियेचे टप्पे पाडले, प्रत्येक टप्प्यावर शिकविलेल्या मुली नेमल्या, आणि डॉक्टरांचा हात जेथे लागलाच पाहिजे तेथेच तो ठेविला. १९९२ साली त्यांच्या संस्थेने ऑरोलॅब हा स्वतःचा भिंगांचा कारखानाही काढला. डॉ. वेंकटस्वामी २००६ साली वारले, तोवर त्या अकरा खाटांची जगातील मोठ्यांत गणना होणारी नेत्ररुग्णालये झाली होती.

पण मला सर्वांत मोलाची वाटली ती त्यांची पैशाची रीत. तेथे येणाऱ्यांपैकी काही पूर्ण मोबदला देतात, आणि फार मोठा हिस्सा फुकट वा नाममात्र पैशांत उपचार घेतो. पैसे देणाऱ्यास स्वतंत्र खोली मिळते, हवे तर गार हवेची; भिंगाच्या जातीचीही निवड करता येते. फुकट्या रोग्यास साध्या दालनात चटईवर झोपावे लागते. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर मात्र तेच, आज या बाजूस तर उद्या त्या बाजूस. श्रीमंताच्या खोलीतून जे उरते त्यावर गरिबाचा डोळा उघडतो. हीही साध्या गोष्टीची ऐषारामी आवृत्तीच की! पण ऐषाराम खोलीत आहे. डॉक्टरांच्या हातात भेद नाही. आणि तो वर्षातून एका लिलावापुरता नाही, रोज सकाळी आहे.

हे मी रात्री जेवणे झाल्यावर वाचून दाखविले. सासूबाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माझा डावा डोळा केला तेव्हा मी खोलीत होते. बाहेरच्या दालनात एक भाजीवाली होती. पट्टी काढली त्या दिवशी आम्ही दोघी एकाच बाकावर बसलो होतो. तिने माझ्या पातळाचा रंग सांगितला, मी तिच्या लुगड्याचा." एवढे बोलून त्या पुन्हा माळ ओढू लागल्या.

दुसऱ्या दिवशी सूनबाईने नवा कागद लिहून आणला. वर्ख गेला, मामरा बदामही गेला. लाडू एकच, सर्वांना तोच. वेगळे असेल ते वेष्टन. कागदी पुडा नेहमीच्या भावाने. बुरुडाकडून करून घेतलेली वेताची करंडी त्याहून दुपटीने. आणि शिसवी डबी एकवीसशेलाच, पण ती दहाच घरांसाठी. डबी परत केली तर पुढच्या दिवाळीस तीच भरून द्यावयाची, म्हणजे तिचा खर्च एकदाच. ही शेवटची सूचना अर्थात भाऊजींची. करंडीत व डबीत चिठ्ठी असावी की नसावी, घेणाऱ्याचे नाव मंडळाच्या फलकावर लागावे की नाही, यावर अजून एकमत नाही. मुले म्हणतात नाव लावले तरच डब्या खपतील; सासूबाई म्हणतात, नाव लावावयाचेच तर यादीतील अकरा जणांना विचारून त्यांचे लावा. मला दोन्हींत तथ्य दिसते, म्हणून मी गप्प आहे. दहा डब्या खपतील की नाही, हेही मला ठाऊक नाही.

काल पहिला घाणा झाला. जाऊबाईंनी चवीसाठी एक लाडू देवापुढे ठेवून तोच सासूबाईंच्या हाती दिला. त्यांनी तो फोडला, वासावरूनच नाक मुरडले व म्हणाल्या, "बेसन कच्चे राहिले आहे. आणखी दहा मिनिटे भाजावयास हवे होते. आणि गॅस मंद ठेव, बायको माहेरी गेल्यासारखा मोठा करू नकोस." जाऊबाईंनी कढई पुन्हा चढविली आहे.